श्रेढी जुनी, गुणोत्तर नवे : औषधाच्या पुनरावृत्त मात्रांच्या गणिताचा इतिहास

सारांश

ठरावीक अंतराने घेतलेल्या औषधाच्या मात्रा शरीरात कशा साठतात, याचे सर्वांत साधे गणिती वर्णन गुणोत्तर श्रेढीने होते. ही श्रेढी गणिताला दोन हजारांहून अधिक वर्षे परिचित आहे. वैद्यकात मात्र तिचा विचारपूर्वक उपयोग विसाव्या शतकात सुरू झाला. या विलंबाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आर्किमिडीज, भास्कराचार्य व नीलकंठ सोमयाजी यांची श्रेढी, विदरिंग यांचे डिजिटॅलिस, विडमार्क, टेओरेल व डोस्ट यांचे कार्य आणि दुसऱ्या महायुद्धातील मेपाक्रिनचा प्रश्न या टप्प्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, उणीव सूत्राची नव्हती. सूत्रात घालावयाच्या गुणोत्तराची होती, आणि ते माणसाच्या रक्तातूनच मोजावे लागणार होते.

बीजसंज्ञा : गुणोत्तर श्रेढी, औषधमात्रा, अर्धायुकाल, औषधगतिशास्त्र, डिजिटॅलिस, मेपाक्रिन, हिवताप.

१. प्रस्तावना

‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ ही सूचना आपल्या परिचयाची आहे. दुसरी गोळी पोटात जाते तेव्हा पहिलीचा काही अंश शरीरात शिल्लक असतो. तिसरीच्या वेळी पहिल्या दोहोंचा असतो. रक्तदाबाचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण वर्षानुवर्षे रोज गोळी घेतात. प्रत्येक गोळीचा थोडा अंश मागे राहत असेल, तर तो साठत साठत जाऊन अखेरीस विषबाधा का होत नाही? आणि काही औषधांच्या बाबतीत ती खरोखरच का होते?

वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा आहे, परंतु त्याचे उत्तर गणिताच्या वर्गात शिकविल्या जाणाऱ्या एका बेरजेत आहे. शालेय पाठ्यपुस्तकात जिला भूमिती श्रेढी म्हणतात ती ही बेरीज होय. गणिताचे विद्यार्थी तिचे सूत्र सिद्ध करतात, औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी तेच सूत्र वेगळ्या चिन्हांत पाठ करतात, आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत हे बहुधा कोणत्याच वर्गात सांगितले जात नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) पुनरावृत्त मात्रांचे श्रेढीरूप गणित सोप्या भाषेत मांडणे, (आ) ही श्रेढी वैद्यकापर्यंत पोहोचण्याचा ऐतिहासिक मार्ग तपासणे, (इ) या गणिताच्या मर्यादा नोंदविणे. लेखाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. येथील उदाहरणे तत्त्व स्पष्ट करण्यापुरती असून ती उपचाराचा सल्ला म्हणून वाचली जाऊ नयेत.

२. गणिताची मांडणी

समजा, ठरावीक अंतराने १०० मिलिग्रॅम औषध दिले जाते आणि दोन मात्रांमधील काळात शरीरातील औषधापैकी निम्मे बाहेर पडते. पहिल्या मात्रेनंतर शरीरात १०० मिलिग्रॅम असतात. दुसऱ्या मात्रेपूर्वी त्यांपैकी ५० उरतात आणि ती घेतल्यावर १५० होतात. तिसरीनंतर १७५, चौथीनंतर १८७.५, पाचवीनंतर १९३.७५. आकडा प्रत्येक वेळी वाढतो, पण वाढ प्रत्येक वेळी निम्मी होते. मात्रा कितीही वेळा दिली तरी २०० ची मर्यादा ओलांडली जात नाही. कारण उघड आहे. शरीरात २०० मिलिग्रॅम असतील तर पुढील अंतरात १०० बाहेर पडतात, आणि नवी मात्रा नेमकी तितकीच भर घालते. आय आणि व्यय समान झाले की साठा स्थिरावतो.

हेच सामान्य रूपात सांगता येते. मात्रेस ‘म’ म्हणू आणि एका अंतरानंतर शिल्लक राहणाऱ्या अंशास ‘ग’ म्हणू. ‘ग’ हे एकाहून लहान गुणोत्तर आहे. ताज्या मात्रेचे योगदान म, तिच्या आधीच्या मात्रेचे म × ग, त्याआधीच्या मात्रेचे म × ग × ग, याप्रमाणे पदे मागे मागे जातात. या अनंत श्रेढीची बेरीज म ÷ (१ − ग) इतकी येते.

या छोट्या सूत्रातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, साठ्यास मर्यादा आहे आणि ती मात्रा व गुणोत्तर या दोहोंवरून ठरते. दुसरा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटतो. स्थिर पातळीपर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ मात्रेच्या आकारावर मुळीच अवलंबून नाही. औषध निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. एका अर्धायुकालानंतर अंतिम पातळीच्या ५० टक्के, दोनांनंतर ७५, तीनांनंतर ८७.५, चारांनंतर सुमारे ९४ आणि पाचांनंतर सुमारे ९७ टक्के मजल गाठली जाते. मात्रा दुप्पट केल्यास पातळी दुप्पट उंच होईल, परंतु तेथे पोहोचण्याचा अवधी तोच राहील. तिसरा निष्कर्ष यातूनच येतो. वाट पाहणे परवडणारे नसेल, तर पहिलीच मात्रा संपूर्ण श्रेढीच्या बेरजेइतकी द्यावी आणि त्यानंतरच्या मात्रांनी केवळ झीज भरून काढावी. वरील उदाहरणात पहिली मात्रा २०० ची व पुढील प्रत्येक १०० ची. आज वैद्यक ज्याला लोडिंग डोस म्हणते, त्याचे गणित एवढेच आहे.

३. श्रेढीची जुनी परंपरा

गुणोत्तर श्रेढीचे दाखले अतिप्राचीन आहेत. इजिप्तमधील ऱ्हाइंड पपायरसमध्ये (इ. स. पू. सुमारे १५५०) ७, ४९, ३४३, २४०१ व १६८०७ या पदांची बेरीज १९६०७ अशी दिलेली आढळते. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या नवव्या ग्रंथात अशा बेरजेचा सामान्य सिद्धांत आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने अन्वस्ताच्या खंडाचे क्षेत्रफळ काढताना १ + १/४ + १/१६ + … या श्रेढीचा आधार घेतला आणि क्षेत्रफळ आतील त्रिकोणाच्या ४/३ पट असल्याचे सिद्ध केले. कोणत्याही टप्प्यावर थांबून शेवटच्या पदाचा एक तृतीयांश मिळविला की बेरीज नेमकी ४/३ होते, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता.

भारतीय परंपरेत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) श्रेढीव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या पदाला आदि, पदांच्या संख्येला गच्छ आणि ज्याने गुणत जावयाचे त्याला गुण अशी तेथील परिभाषा असून ‘गुणोत्तर’ हा शब्दही तेथे येतो. या प्रकरणातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देण्याचे वचन देतो. महिन्याभरात त्याला एकूण २१४,७४,८३,६४६ कवड्या द्याव्या लागतात. हे दान एक लाख निष्कांच्या वर जाते. एकाहून मोठ्या गुणोत्तराचा हा स्वभाव आहे. तेथे बेरजेला मर्यादा नसते. औषधांचे सुदैव असे की, तेथील गुणोत्तर एकाहून लहान असते.

लहान गुणोत्तराच्या अनंत श्रेढीचा विचार केरळमधील नीलकंठ सोमयाजी (जन्म इ. स. १४४४) यांच्या ‘आर्यभटीयभाष्या’त आढळतो. धनुष्याच्या कंसाची लांबी ज्या आणि शर यांच्या साहाय्याने काढताना त्यांना १/४ + १/१६ + १/६४ + … या बेरजेची गरज पडते आणि ती १/३ असल्याचे ते दाखवितात. येथे ते स्वतःच एक शंका उपस्थित करतात : ही बेरीज सतत वाढत असताना ती एवढ्यापर्यंतच वाढते, पुढे जात नाही, हे कशावरून? एक तृतीयांशातून एक चतुर्थांश वजा केल्यास एक द्वादशांश उरतो, म्हणजे चतुर्थांशाचा तृतीयांश. पुढचे पद वजा केल्यास त्या पदाचा तृतीयांश उरतो. उणीव दर वेळी लहान होत जाते, पण तिचे रूप तेच राहते. असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे.

प्रस्तावनेत विचारलेला प्रश्न आणि नीलकंठांची शंका यांत तत्त्वतः भेद नाही. ज्या औषधाचा केवळ चौथा हिस्सा पुढील मात्रेपर्यंत टिकतो, त्याचा विचार करावा. स्थिर अवस्थेत मात्रा घेतल्याबरोबर शरीरात मात्रेच्या ४/३ पट औषध असते. हा आर्किमिडीजचा अंक आहे. पुढील मात्रेच्या अगदी आधी ते मात्रेच्या १/३ इतके उरते. हा नीलकंठांचा अंक आहे. एकाच उपचाराचे शिखर आणि तळ या दोन गणितींनी, परस्परांशी व वैद्यकाशी कोणताही संबंध नसताना, काढून ठेवले होते. यात पूर्वजांना आधुनिक औषधशास्त्र ठाऊक होते असे सुचविण्याचा हेतू मुळीच नाही. सूत्र हाताशी असणे आणि ते कोठे लावावे हे कळणे, या दोन घटनांमध्ये किती अंतर असू शकते, एवढेच दाखवावयाचे आहे.

४. विदरिंग यांचे डिजिटॅलिस : जेथे शरीर हेच मोजमाप होते

वैद्यांना औषध साठते याचा अनुभव नव्हता असे नाही. बर्मिंगहॅमचे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या वैद्यकीय उपयोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. शरीरावर सूज येणाऱ्या जलोदरासारख्या विकारांत या वनस्पतीच्या पानांचा उपयोग होतो, मात्र मात्रा किंचित अधिक झाल्यास मळमळ, दृष्टिदोष, नाडी मंदावणे आणि मृत्यूही संभवतो, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींसह मांडले. मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कोठेही परिणाम दिसेपर्यंत औषध चालू ठेवावे आणि तो दिसताच थांबवावे, असा त्यांच्या नियमाचा आशय आहे.

या नियमाकडे गणिताच्या दृष्टीने पाहिल्यास असे दिसते की, विदरिंग श्रेढीची पदे एकामागून एक मिळवीत होते आणि बेरीज किती झाली हे रुग्णाच्या लक्षणांवरून वाचीत होते. मोजण्याचे दुसरे साधन नव्हते, म्हणून रुग्णाचे शरीर हेच साधन झाले. त्यांच्या नियमातील सावधपणा कौतुकास्पद आहे, तथापि या पद्धतीत मर्यादा ओलांडल्याचे ओलांडल्यानंतरच कळते.

या वनस्पतीच्या कुळातून १९३० मध्ये वेगळे काढलेले डिजॉक्सिन आजही वापरात आहे. मूत्रपिंडे निरोगी असल्यास त्याचा अर्धायुकाल सुमारे ३६ ते ४८ तास असतो. ३६ तास धरल्यास एका दिवसानंतर ६३ टक्के औषध उरते. गुणोत्तर ०.६३ असताना श्रेढीची बेरीज मात्रेच्या सुमारे २.७ पट येते. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी असतील तर अर्धायुकाल चार दिवसांच्या आसपास जातो. तेव्हा रोजचे गुणोत्तर ०.८४ आणि बेरीज सुमारे ६.३ पट होते. गोळी तीच, वेळ तीच, आणि शरीरातील साठा दुपटीहून अधिक. शिवाय हा साठा एका रात्रीत होत नाही. पहिल्या रुग्णात तो आठवड्याभरात स्थिरावतो, दुसऱ्यात वीस दिवस वाढत राहतो. पहिल्या आठवड्यात सर्व ठीक दिसलेल्या रुग्णाची प्रकृती तिसऱ्या आठवड्यात का बिघडते, याचे उत्तर या दोन गुणोत्तरांत आहे. विदरिंग यांना साठण्याची घटना दिसत होती. गुणोत्तर मात्र व्यक्तीगणिक निराळे असते आणि ते मोजता येते, हे कळण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

५. विडमार्क ते डोस्ट : रक्त मोजले जाऊ लागले

ज्या राशीचा ऱ्हास तिच्या शिल्लक प्रमाणात होतो, तिच्या निम्मे होण्याचा काळ कायम असतो, ही कल्पना भौतिकशास्त्रात किरणोत्साराच्या अभ्यासातून दृढ झाली. रदरफर्ड यांनी १९०० मध्ये थोरियमपासून निघणाऱ्या वायुरूप द्रव्याची तीव्रता सुमारे एका मिनिटात निम्मी होते असे दाखविले. वैद्यकाने अर्धायुकाल ही संज्ञा पुढे याच क्षेत्राकडून घेतली.

शरीरातील पदार्थांना हा विचार लावण्याचे महत्त्वाचे श्रेय स्वीडनमधील लुंड येथील एरिक विडमार्क यांना जाते. त्यांनी १९१९ मध्ये ॲसिटोनच्या शरीरातील गतीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९२२ मध्ये रक्ताच्या अगदी अल्प नमुन्यातून मद्यार्काचे प्रमाण काढण्याची पद्धत दिली. विडमार्क व टांडबेर्ग यांनी १९२४ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात गुंगी आणणाऱ्या द्रव्यांच्या पुनःपुन्हा दिलेल्या मात्रांच्या साठ्याचे गणित मांडले. पुनरावृत्त मात्रांची श्रेढी वैद्यकीय साहित्यात स्पष्टपणे प्रवेश करते ती या निबंधात. १९३७ मध्ये उप्साला येथील टॉर्स्टन टेओरेल यांनी दोन निबंधांत शरीराची कल्पना परस्परांशी जोडलेल्या कप्प्यांप्रमाणे करून औषधाच्या वाटपाची समीकरणे दिली. आज या शास्त्राच्या पायाभरणीचा मान या निबंधांना दिला जातो, तथापि प्रसिद्धीच्या वेळी त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हे दुर्लक्ष समजण्यासारखे आहे. समीकरणात घालावयाचे आकडे मोजण्याच्या पद्धती बहुतेक औषधांसाठी तेव्हा उपलब्ध नव्हत्या. आकड्यांवाचून समीकरण ही चिकित्सकाला निरुपयोगी वस्तू होती.

‘फार्माकोकायनेटिक्स’, म्हणजे औषधगतिशास्त्र, या नावाची प्रतिष्ठापना १९५३ मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ फ्रीड्रिश हार्टमुट डोस्ट यांच्या रक्तपातळीविषयक ग्रंथाने केली. हे नाव देणारा बालरोगतज्ज्ञ असावा हे अर्थपूर्ण आहे. लहान मुलाला प्रौढाच्या मात्रेचा कोणता हिस्सा द्यावा, हा प्रश्न त्याच्यासमोर रोजचाच असतो. १९६० मध्ये क्रूगर-थीमर यांनी सल्फा गटातील औषधांच्या संदर्भात पहिल्या मात्रेचे पुढील मात्रांशी असलेले प्रमाण गणिताने ठरविण्याची पद्धत मांडली. मात्रांमधील अंतर अर्धायुकालाइतके असेल तर पहिली मात्रा दुप्पट असावी, हे आपण दुसऱ्या भागात पाहिलेच आहे. डॉक्सिसायक्लिन पहिल्या दिवशी २०० आणि नंतर रोज १०० मिलिग्रॅम देण्याची रूढ पद्धत याच विचाराशी सुसंगत आहे.

६. मेपाक्रिन : युद्ध, हिवताप आणि पहिली मात्रा

टेओरेल यांच्या निबंधांपासून डोस्ट यांच्या ग्रंथापर्यंतच्या सोळा वर्षांत दुसरे महायुद्ध येते. मात्रांचा प्रश्न लक्षावधी माणसांच्या जिवाशी भिडला तो या काळात. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले आणि दोस्त राष्ट्रांचा क्विनीनचा मुख्य स्रोत तुटला. आपल्याकडील जुनी माणसे ज्याला कोयनेल म्हणत ते हेच औषध. पर्याय होता तो १९३० च्या सुमारास जर्मनीत तयार झालेल्या मेपाक्रिनचा, ज्याला अटेब्रिन असेही नाव होते. या औषधाने त्वचा पिवळी पडे, उलट्या होत, आणि ते पुरुषत्व नष्ट करते अशी अफवा सैनिकांत पसरली होती. त्याहून मोठी अडचण चिकित्सेची होती. रोज तीन वेळा १०० मिलिग्रॅम देऊनही पहिल्या काही दिवसांत ताप लवकर आटोक्यात येत नसे, आणि मात्रा सरसकट वाढविल्यास पुढे विषारी परिणाम दिसत.

न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात जेम्स शॅनन यांच्या गटाने हा प्रश्न हाती घेतला. बर्नार्ड ब्रॉडी व सिडनी युडेनफ्रेंड यांनी १९४३ मध्ये मेपाक्रिनच्या प्रस्फुरणाचा उपयोग करून रक्तद्रवातील त्याचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या मोजमापातून उलगडा झाला. औषध यकृत, स्नायू इत्यादी ऊतींत फार मोठ्या प्रमाणात साठत होते आणि रक्तद्रवात सुरुवातीस अत्यल्प राहत होते. ते शरीरातून जातही होते अत्यंत सावकाश. लहान मात्रांनी स्थिर पातळी येण्यास आठवडे लागत. १९४४ मध्ये शॅनन यांनी मेपाक्रिनच्या तर्कशुद्ध वापरावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यातील उपाय असा की, सुरुवातीस मोठ्या मात्रांनी ऊतींचा साठा झपाट्याने भरावा आणि पुढे लहान मात्रांनी पातळी राखावी. अमेरिकी सैन्यात रूढ झालेल्या उपचारात दर सहा तासांनी २०० मिलिग्रॅमच्या पाच मात्रा व त्यानंतर सहा दिवस रोज तीन वेळा १०० मिलिग्रॅम, असे एकूण २.८ ग्रॅम औषध दिले जाई.

हिवताप होऊ नये म्हणून रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्या सैनिकाचे उदाहरण श्रेढीवर तपासता येते. अर्धायुकाल पाच दिवस मानला, तर रोजचे गुणोत्तर ०.८७ येते आणि बेरीज मात्रेच्या सुमारे ७.७ पट होते. सात दिवस नेमाने गोळी घेऊनही साठा अंतिम पातळीच्या ६२ टक्क्यांवरच असतो. पूर्णत्वास येण्यास सुमारे पंचवीस दिवस लागतात. जंगलात उतरण्यापूर्वी काही आठवडे गोळी सुरू करणे आवश्यक का होते, आणि ‘आज आजारी पडलो, आज गोळी घेतली’ हा व्यवहार का निरुपयोगी होता, हे यावरून कळते. शॅनन यांच्या गटाने गुणोत्तर श्रेढीचे सूत्र पुढे ठेवून काम केले, असा दावा येथे करावयाचा नाही. त्यांनी रक्त मोजले. मोजल्यावर जे सापडले त्याची रूपरेषा त्या श्रेढीशी जुळते.

या इतिहासाचा भारताशी थेट संबंध आहे. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेत भारतीय सैनिकांची संख्या फार मोठी होती. १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडीही होती. स्लिम यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींनुसार १९४३ मध्ये जखमी होऊन मागे येणाऱ्या प्रत्येक सैनिकामागे १२० सैनिक आजाराने मागे येत, आणि केवळ हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यबळाच्या ८४ टक्के होते. सैनिक मेपाक्रिन घेतात की नाही याची त्यांनी अचानक तपासणी सुरू केली. ज्या पलटणीत ९५ टक्क्यांहून कमी सैनिकांच्या शरीरात औषध आढळे, तिच्या प्रमुखास पदावरून दूर केले जाई. तिघांना दूर केल्यावर इतरांना अर्थ उमगला, असे त्यांनी नमूद केले आहे. गोळी चुकविणे म्हणजे श्रेढीतील एक पद गाळणे. ते पद भरून निघण्यास पुढे कित्येक दिवस लागतात, हे शिस्तीच्या भाषेत सांगितले गेले इतकेच.

या ज्ञानाची किंमत कोणी दिली, हेही नोंदविणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे नील हॅमिल्टन फेअरली यांच्या पथकाने १९४३ पासून सैन्यातील स्वयंसेवकांना हिवतापाचा संसर्ग करवून मेपाक्रिनच्या मात्रा तपासल्या. अमेरिकेच्या युद्धकालीन हिवताप संशोधनात मज्जासंस्थेच्या उपदंशाने ग्रस्त रुग्णांचा आणि, १९४४ पासून इलिनॉयमधील स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांचा वापर झाला. बंदिवासातील माणसाची संमती कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळापासून आजतागायत विचारला जात आहे. नीलकंठांना त्यांचे गुणोत्तर आकृतीतून मिळाले. वैद्यकाला ते माणसांच्या शिरांतून काढावे लागले.

७. गणिताच्या मर्यादा

गुणोत्तर श्रेढीचे प्रारूप एका गृहीतकावर उभे आहे. दर अंतरात शिल्लक औषधाचा ठरावीक हिस्सा बाहेर पडतो, हे ते गृहीतक होय. ते जेथे टिकत नाही तेथे श्रेढीही टिकत नाही. विडमार्क यांनीच अभ्यासलेला मद्यार्क हे याचे ठळक उदाहरण आहे. नेहमीच्या सेवनात यकृत त्याचा ठरावीक हिस्सा नव्हे, तर दर तासाला जवळजवळ ठरावीक राशी नष्ट करते. येथे आवक त्या राशीहून अधिक झाली की साठ्याला वरची मर्यादा उरत नाही. अपस्मारावरील फेनिटॉइनच्या बाबतीत पातळी वाढू लागली की निष्कासनाची यंत्रणा अपुरी पडते आणि मात्रेतील थोड्या वाढीने पातळी भलतीच चढते. मेपाक्रिनसारखी ऊतींत साठणारी औषधे एका कप्प्याच्या प्रारूपात पूर्णपणे बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या अनेक श्रेढी एकत्र कराव्या लागतात.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. औषधाचे प्रमाण आणि औषधाचा परिणाम या एकच गोष्टी नव्हेत. क्षयरोगावरील आयसोनियाझिड काही तासांत रक्तातून नाहीसे होते. रोज एक मात्रा दिल्यास आदल्या दिवसाचे जवळजवळ काहीच उरत नाही आणि श्रेढी पहिल्या पदावरच संपते. तरीही उपचार यशस्वी होतो, कारण जंतूंवर झालेला आघात औषध गेल्यावरही काही काळ टिकतो. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास येथील क्षयरोग केंद्राच्या अभ्यासांतून असे दिसले की, आठवड्यातून एकदाच औषध देण्याच्या पद्धतीत आयसोनियाझिडचे विघटन जलद करणाऱ्या रुग्णांत परिणाम कमी प्रतीचे येतात. विघटनाचा हा वेग अनुवंशिक असतो. येथेही व्यक्तीचे गुणोत्तर निर्णायक ठरले, परंतु त्याचा अर्थ केवळ बेरजेतून लागला नसता. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत सोडून २०१७ मध्ये दैनंदिन उपचार स्वीकारला, तोही रुग्णांवरील अनुभवाच्या आधारे, सूत्राच्या नव्हे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, पुनरावृत्त मात्रांचे मूलभूत गणित वैद्यकाला आवश्यक वाटण्याच्या कितीतरी आधी सिद्ध होते. दुसरा, हे गणित वैद्यकात उशिरा आले याचे कारण वैद्यांचे गणितविषयक अज्ञान एवढेच नाही. रक्तातील सूक्ष्म प्रमाण मोजण्याची साधने येईपर्यंत ‘ग’ ही अज्ञात राशीच होती. विडमार्क यांचा रक्ताचा थेंब आणि ब्रॉडी व युडेनफ्रेंड यांचे प्रस्फुरणमापन हे या इतिहासाचे खरे वळण आहे. तिसरा, गुणोत्तर हे औषधाचेच नव्हे तर औषध व व्यक्ती या दोहोंचे असते. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेली मात्रा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

या गणिताचा सामान्य माणसाशीही संबंध आहे. थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असल्यामुळे मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिरावण्यास पाच आठवडे जातात, आणि म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून गोळी सोडणारा, किंवा काल चुकली म्हणून आज मनानेच दोन घेणारा रुग्ण अडाणी असतो असे नव्हे. त्याला ही बेरीज कोणी समजावून सांगितलेली नसते. महाविद्यालयात गणित विभाग आणि विज्ञानाचे अन्य विभाग एकाच इमारतीत असतात. अनंत श्रेढीच्या तासाला शंभर मिलिग्रॅमच्या गोळीचे उदाहरण फळ्यावर मांडण्यास कोणत्याही मंडळाच्या परवानगीची आवश्यकता नाही. ‘ही बेरीज एवढ्यापर्यंतच का वाढते?’ ही नीलकंठांची शंका विद्यार्थ्याने आपल्या घरातील औषधाच्या डबीकडे पाहून विचारली, तर त्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.